आबांच्या खोलीतला काळा दगड

भिंतीची बाहेरची बाजू कोणती, हे संगणकाला आपणच सांगायचं असतं. मी सांगितलं, पण उलटं.

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून माझं घरांचे नकाशे काढायचं दुकान आहे. साखऱ्याला, माझ्या सासुरवाडीला, सासऱ्यांचं नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा बायकोनं एकच अट घातली, "बाकी कसंबी काढा, पण आबांची खोली गार झाली पाहिजे." जुन्या घरात आबांची, म्हणजे सासऱ्यांची, पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची. ते दुपारभर लिंबाखाली शेळ्यांत पडून असायचे आणि शेळ्या त्यांचं उपरणं चघळायच्या.

म्हणून मी मोठ्या अभ्यासानं भिंत रचली. आत वीट, तिच्यावर बाहेरून थर्माकोलची जाड शीट, मग जाळी, प्लास्टर आणि सगळ्यात बाहेर काळ्या दगडाच्या पातळ फरश्या. हे थर एकदा बसवले की सॉफ्टवेअरमध्ये भिंत नुसती ओढत जायची. ओढाल त्या दिशेच्या डाव्या हाताला बाहेर. सगळं घर देवाला प्रदक्षिणा घालावी तसं काढलं. आबांच्या खोलीची पश्चिमेची भिंत तेवढी नंतर पुन्हा काढावी लागली, आणि नेमका तेव्हाच चहा आला. एका हातात कप धरून ती मी वरून खाली ओढली. दगड-थर्माकोल सगळं खोलीत आलं. न बघताच मी खोल्यांची चित्रं सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकून दिली.

पहिला फोन मेव्हण्याचा. "दाजी, आबांची खोली म्हंजे निस्तं हाटेल! माझ्या खोलीला काहून न्हाई असला दगड?"

मागून आबांनी फोन ओढून घेतला. "जावईबापू, औंढ्याच्या गाभाऱ्यात बसल्यावानी गार वाटून राहिलं."

घर तेव्हा पायाच्याही वर आलेलं नव्हतं. पण आबा रोज दुपारी लिंबाखाली मोबाइलवर ते चित्र बघत पडू लागले.

चूक लक्षात आल्यावर मी भिंतीची बाजू पालटली. एका क्लिकचं काम. दगड बाहेर गेला, आत पांढरी भिंत आली. नवं चित्र पाठवलं आणि सासुरवाडी पेटली. शेवटी समजूत काढायला साखऱ्याला जावं लागलं.

"दगड काढून घेतला काहून?" मेव्हण्यानं दारातच धरलं.

"काढला नाही रे, बाहेर गेला. ऊन बाहेरून येतं ना!"

"बाहेर कोण बघतंय? शेळ्या?"

मी ओसरीवरचा पाण्याचा कॅन दाखवला. "याला ओलं गोणपाट बाहेरूनच गुंडाळता ना? आत कोंबता का?"

"कॅन काय पाव्हण्यायला दाखवायचा असतो, दाजी?"

आबा नुसतं मोबाइलवरचं जुनं चित्र बोटांनी मोठं करून बघत राहिले. मला एखाद्याच्या ताटातलं पुरण उचलल्यासारखं झालं. निकाल बायकोनं दिला, "दगड बाहेरच बसंल. कुनी मधी बोलायचं न्हाई." तसाच तो बसला. पहिल्याच आठवड्यात शेळ्यांनी त्याला अंग घासून घासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत पॉलिश केलं.

उन्हाळ्यात, भर दुपारी, आम्ही साखऱ्याला गेलो. लिंबाखाली फक्त शेळ्या होत्या. आबा खोलीत घोरत होते, तेही अंगावर चादर घेऊन. भिंतीला हात लावला, गार. माझी छाती फुगली. मग लक्षात आलं, हात फ्लेक्सवर आहे. मेव्हण्यानं माझ्या त्या चुकलेल्या चित्रातला दगड मोठा छापून खोलीच्या आतून अख्ख्या भिंतीला ठोकला होता.

आबा जागे झाले. "बघा जावईबापू, मी म्हनत होतो का न्हाई? दगड आत पाहिजे. ह्यो लावला आन् खोली गार पडली."

"मामा, ते थर्माकोलमुळं..."

"थर्माकोल कुठंय? दाखवा बरं."

तो भिंतीत गाडलेला. काय दाखवणार?

परतीच्या वाटेवर फाटा दिसू लागल्यावर बायको म्हणाली, "तोंड काहून पाडता? आबा गार झोपून राहिले, बस झालं. आन् आपल्या सैपाकघराची भिंत बी लई तापती. तिच्यासाठी काईतरी चुकवा."