कानबाईचा रोट आणि केबलवरची सून

देवपुरात सुंदरअक्काच्या घरात सिरियल झाली होती, असं सांगितलं तर आताची पोरं हसतात. हसू देत बापडी. त्र्याण्णव साल असेल, धुळ्यात केबल नुकती आलेली. ती चालवायचा निर्मलकुमार, मारवाड्याचा खटपट्या पोरगा. कॉलेजातल्या पोरापोरीच्या प्रेमाचा एक पिक्चर तेव्हा टॉकीजला तुफान चालला होता. निर्मलनं ठरवलं, ह्याचीच दर रविवारी विनोदी सिरियल करायची. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, हिरो अभिमन, हिरोईन नर्सिंग शिकणारी मंजुळा. घर मात्र सुंदरअक्काचं.

अक्का विधवा, मूलबाळ नाही, भाऊबंद पोटामागे सुरतेला गेलेले. घर दिलं, तर हिरोच्या आईचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. दिवसभर चहाचं आधण उतरायचं नाही, दारात चपलांचा ढीग. "घर कसं भरेल वाटस," भरलेल्या घराकडे बघत ती म्हणायची. खरं सांगायचं तर तिला सिरियलशी काही देणंघेणं नव्हतं. तिला ही माणसं हवी होती.

श्रावणात कानबाई आली, खान्देशात घरोघर बसणारी देवी. पिक्चरमध्ये दोघं एका कपातलं आइस्क्रीम खातात. निर्मलला वाटलं, आपण कानबाईचा रोट, म्हणजे तिचा प्रसाद, दाखवू. अक्का विसर्जनाला पांझरा नदीवर गेली होती. इकडे ह्यानं अभिमन आणि मंजुळाला एकाच ताटात रोट खायला बसवलं. निर्मलला रोटाची रीत ठाऊक नव्हती, पण ह्या दोघांनी तरी बोलावं की नाही? कॅमेरा पुढे आला की यांची अक्कल चरायला जायची.

रविवारी सिरियल लागली आणि देवपूर भडकलं. रोट फक्त घरच्या भाऊबंदांचा. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा तो मिळत नाही. शेजारचे हिलालआबा काठी आपटत आले. "एका घरचा रोट खाल्ला म्हणजे दोघं भाऊबहीण झाले. आता कसलं प्रेम दाखवतोस? केबल काढून टाक माझी." मागून अर्धी गल्ली तेच म्हणू लागली. निर्मलचं तोंड एवढंसं झालं. "अक्का, सिरियल बंद करतो," तो म्हणाला.

अक्काच्या डोळ्यांपुढे आलं, पुन्हा ते रिकामं घर. ती ओट्यावर आली आणि आबांना म्हणाली, "रोट सून बी खास ना, आबा? मंग ती मन्ही सून शे. बठ्ठा वाद मिटना."

घरची सून तर रोट खातेच; आबा काठी उचलून घरी गेले. पुढच्या रविवारी मंजुळा मंगळसूत्र घालूनच पडद्यावर आली. प्रेमाचं सगळं राहिलं बाजूला आणि सासू-सुनेची जुंपली. लोक पोट धरून हसायचे, आणि टीव्हीपुढे सगळ्यात आधी बसायचे ते हिलालआबा.

वर्षभरानं सारंच पांगलं. अभिमन नोकरीला गेला, मंजुळा जळगावला दिली. रोट पौर्णिमेच्या आत संपवावा लागतो, म्हणून अक्का शिळा रोट दुधात कुस्करून एकटीच खात बसायची.

अशाच एका श्रावणात मंजुळा दारात उभी राहिली. अक्का म्हणाली, "तुन्हा सासरना रोट?"

"तिथला झाला खाऊन. इथलीही सून आहे ना मी?"

ते नाटकातलं होतं, हे अक्काला काय कळत नव्हतं? रीत काय म्हणते तेही तिला पाठ होतं. तिनं मंजुळासाठी वेगळं ताट घेतलं नाही. आपलंच पुढे सरकवलं.