फळीवरून काढलेला माल

खाजगी शिकवणी घेणाऱ्याच्या कपड्यांवर खडू आणि आयुष्यात फजित्या, दोन्ही सारख्याच वेगाने साचतात. खडू झटकता येतो. फजित्या मात्र चार मित्र जमले की आपोआप बाहेर पडतात आणि मित्रही त्याच त्याच पुन्हा सांगायला लावतात.

स्वराज्य आल्यावर खेडोपाडी शाळा निघू लागल्या. सातवीची फायनल पास झालेल्याला मास्तरकी मिळू लागली. मी जळगावात एका शेठजींच्या सरकीच्या दुकानावरची खोली घेतली आणि मोठ्या माणसांसाठी फायनलचा क्लास काढला. पहिल्या वर्षी निकाल असा लागला की शेठजी माझ्याकडे बघून नुसते उसासे टाकायचे. शेवटी एकदा म्हणाले, "मास्तर, जो माल खपत नाही, तो फळीवरून काढायचा असतो."

माल म्हणजे माझ्या सवयी! त्या मी एकेक करून काढायला घेतल्या. घाई होती, कारण यंदा क्लासात असोद्याची गोदाक्का होती. नवरा वारलेला, सासरे आबा कडक. त्यांनी एकच परीक्षा मंजूर केली होती. पास झाली तर मास्तरीण, नापास झाली तर जन्मभर केळीची बाग. बाईचं पुढचं सगळं माझ्यासारख्याच्या भरवशावर, या विचाराने मला अन्न गोड लागत नव्हतं.

*

पहिली सवय, दर वाक्याला "समजलं?" विचारण्याची. वर्ग एका सुरात "समजलं" म्हणायचा आणि कुणाला काही समजलेलं नसायचं. एके दिवशी निश्चय करून तासभर तो शब्द तोंडातून काढला नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तास संपल्यावर गोदाक्काने काळजीने विचारलं, "गुरुजी, आज तुमालेच समजलं नाही का?"

*

दुसरी सवय, विषय कुठलाही असो, सोनगीरच्या किल्ल्यावर जाण्याची. तरुणपणी मी धुळ्याहून सायकल मारत तिथे गेलो होतो. भूगोल असो की इतिहास, माझी सायकल निघायचीच. तीही बंद केली. तर वर्गातले धुळ्याचे नाना, गिरणीत माग चालवलेले जुने साचेवाले, मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाले की अभ्यासाचं राहू द्या, पण तुम्ही वर पोचलात का, तेवढं सांगा. इतक्या दिवसांत दर वेळी चढणीलाच तास संपत होता.

खरं सांगतो, मी पायथ्याच्या बाजारातून एक पितळी तांब्या घेऊन परतलो होतो. नानांना म्हटलं, पोचलो. शिक्षकाची थोडी इज्जत राहायला हवी.

*

तिसरी सवय झोपेची. गणितं घालून दिली की मी खुर्चीत चष्मा लावून "निरीक्षण" करायचो आणि पाचव्या मिनिटाला मान छातीवर. ही तर मी कडक शिस्तीने सोडली, डोळ्यांना पाणी लावून जागा राहिलो. आणि त्या आठवड्यात सबंध वर्गाची त्रैराशिकं चुकली!

मी हबकलो. नानांना खोदून विचारलं तेव्हा कळलं की मी झोपलो की गोदाक्का हळू आवाजात सगळ्यांना गणितं समजावून द्यायची. आता गुरुजी जागे, मग बोलायचं कसं? वाईट वाटलं, हसूही आलं. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या हितासाठी मी पुन्हा झोपू लागलो.

*

चौथी सवय आमच्या सौभाग्यवतींनी शोधली. गाडीच्या तासभर आधी स्टेशनात जाऊन बसायचं, चहा प्यायचे, ओळखी काढायच्या, याने कुणाचं भलं झालंय, असं त्यांचं म्हणणं. पटलं. त्या रविवारी बहिणीकडे नरडाण्याला गेलो होतो. सोमवारी सकाळी माझ्या घड्याळाने अगदी वेळेवर स्टेशनात पोचलो, तर फलाटावर एकटा पोर्टर उभा.

"गाडी तं गई, गुरुजी. आते दुपारनीच शे."

मी कपाळावर हात मारला. कारण नेमक्या त्याच सोमवारी आबा क्लास बघायला येणार होते. निरोप स्पष्ट होता. मास्तर धड नसेल तर सुनेला त्याच पावली परत नेणार. आमची आजवरची बोलणी निरोपांचीच, त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. दुपारच्या गाडीत मी खिडकीशी बसून सगळ्या देवांना नवस बोलत होतो.

*

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शेठजींचा जिना चढलो. वाट बघून सगळे गेले असतील, वर सामसूम असणार, अशी खात्री होती. निम्म्या जिन्यात आवाज आला, "समजलं?"

"समजलं!"

दारातून डोकावलो. डोक्यावर पदर, हातात खडू, फळ्यावर केळीच्या घडांचं त्रैराशिक, आणि गोदाक्का शिकवत होती. नाना मान खाली घालून भराभर लिहीत होते. मागच्या सतरंजीवर एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून, फळ्यावर नजर लावून बसले होते. मी चपला हातात घेतल्या आणि हळूच त्यांच्या शेजारी टेकलो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी बी फायनलले बसता का?"

मी एकदा फळ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो."

"मंग वेळेवर येत जा," आबा म्हणाले. "आमची सून लय चांगलं शिकवते."