एकच शब्द उरलेली ओब्दुलिया

मेक्सिकोतल्या आमच्या तुल्येवाल्को गावात राजगिऱ्याच्या लाह्यांच्या वडीला अलेग्रिया म्हणतात. अलेग्रिया म्हणजे आनंद; पण वडी खाताना आनंदाचा विचार कुणी करत नाही. ओब्दुलियानं तर उभा जन्म हा शब्द ओरडण्यात घालवला. नवरा, एलादिओ, तव्यावर राजगिरा फोडायचा, मधात घोळवून लाकडी साच्यात थापायचा, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया दाबायचा. ती टोपली घेऊन चर्चच्या फाटकाशी उभी राहायची. "अलेग्रिया, घ्या अलेग्रिया!" आवाज असा खणखणीत, की भाजीवाल्या म्हणायच्या, हिच्यापुढे घंटेचं काय काम?

बाई तोंडाची फटकळ. थोडी चढलेल्या माणसालाही आमच्याकडे 'अलेग्रे', म्हणजे आनंदी, म्हणतात. एलादिओ पुल्के पिऊन भिंत धरत आला की ती दारातूनच सुनवायची, "आले बघा, आमचे आनंदी आले." आणि मुकाट्यानं त्याच्यापुढे बीन्स नि रोट्या वाढायची.

एका रविवारी ती फाटकाशीच कोसळली. उजवं अंग लुळं पडलं. इस्पितळातून घरी आणली तेव्हा तोंडात तेवढाच शब्द शिल्लक होता. तहान लागली, अलेग्रिया. पाठ दुखली, अलेग्रिया. मान हलवायची, पण होकाराला तशीच आणि नकारालाही तशीच. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली बोलण्याची जागा मेली. जिभेवर घोटलेला एखादा शब्द असा मागे राहतो. बाकीचे परत येतील अशी आशा धरू नका.

शेजारच्या रेमेदिओसबाई मक्याची पेज घेऊन आल्या. ओब्दुलियाचं नि त्यांचं पाण्याच्या नळावरून कित्येक वर्षांचं वाकडं. त्यांना पाहताच ओब्दुलियाचे डोळे पेटले. "अलेग्रिया!" ती गरजली. रेमेदिओसबाईंनी पदरासारखी शाल तोंडाला लावली.

"देवानं सगळं नेलं, भाऊ, पण ठेवला तो शब्द किती गोड ठेवला बघा."

"बाई, ती तुम्हाला चालत्या व्हा म्हणतेय," एलादिओ म्हणाला.

त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी त्या गोड शब्दाचं गावभर सांगितलं, आणि बायका आजारी पोरं घेऊन येऊ लागल्या. ओब्दुलियाचा डावा हात उचलून पोरांच्या डोक्यावर ठेवायच्या. ती जिवाच्या आकांतानं शिव्या द्यायची आणि बायकांना वाटायचं, आशीर्वाद मिळाला. शेवटी एलादिओनं दार लावून घेतलं.

दाराआड तो शिकत गेला. शब्द तोच, पण सूर निराळे. तुटक म्हटला तर भूक. ओढून म्हटला तर कूस बदला. घशातल्या घशात म्हटला तर अंथरूण ओलं झालंय, आणि त्याची तिला लाज वाटतेय. त्यानं पुल्के सोडली. हिचा सूर ऐकायला कान शुद्धीवर हवेत, असं म्हणायचा. वड्या कोपऱ्यावरच्या दुकानात देऊ लागला. कधी कधी ती त्याच्या विस्कटलेल्या स्वयंपाकाकडे बघून शब्द असा काही फेकायची, की त्याला हसू यायचं. ही जुनीच ओब्दुलिया होती.

मग, दुसऱ्या वर्षीचा राजगिरा कापणीला आला होता तेव्हा, तिनं एक नवा सूर लावला. हळू, दोनदा, डाव्या हातानं त्याची बाही ओढत. "अलेग्रिया… अलेग्रिया." हा सूर त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता.

पाणी दिलं. नको. कूस बदलली, खिडकी उघडली, मिटली. पाद्रीबाबांना बोलावलं, ते प्रार्थना म्हणून गेले आणि तिनं पुन्हा बाही धरली. त्यानं मुलीला फोन लावला. नेलिदा सरहद्दीपलीकडे, शिकागोत, हॉटेलच्या खोल्या साफ करते. कागदपत्रांविना गेलेली, एकदा इकडे आली तर परत जाणं नाही, आणि तिची पोरं तिकडची. फोनच्या काचेवर आई दिसली. आई म्हणाली, "अलेग्रिया… अलेग्रिया."

"बाबा, मला बघून खूश झाली ना ती?" नेलिदा रडत म्हणाली.

"हो गं. झाली ना," एलादिओ म्हणाला. बाही अजून ओब्दुलियाच्या मुठीत होती.

पुतण्याची गाडी मागून त्यानं तिला तेउत्ली डोंगराच्या पायथ्याशी नेलं. लग्नानंतर दोघांनी तिथे पहिला राजगिरा पेरला होता. आता तिथे विटांची घरं होती आणि एका गच्चीवरून कुत्रं भुंकत होतं. ओब्दुलियानं त्या घरांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती, शाळेतल्या मंद पोराकडे बघावं तशी, कधीतरी येईल याला म्हणून.

त्याला आलं नाही. आठवडे गेले. एका दुपारी तिनं बाही धरली, दोनदा म्हटलं. "ओब्दुलिया, मला नाही कळत गं," तो म्हणाला. "काय करू, मला खरंच नाही कळत." तिनं मूठ सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ती तो शब्द बोलली नाही. भुकेलाही नाही, दुखण्यालाही नाही. घड्याळ बघून तो भरवायचा, ती गिळायची. पुढच्या ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत गेली. मयताला रेमेदिओसबाई म्हणाल्या, आनंदाचं नाव घेत गेली बिचारी.

तो अजून राजगिरा फोडतो. काम चालू असताना एकेक गोष्ट सुचते. केस धुवून हवे असतील का? नळाचं भांडण मिटवायचं असेल? की नुसतं बस म्हणत होती, माझ्याजवळ, काही न आणता? सुचलं की हात थांबतो, तव्यावरच्या लाह्या करपतात. मग त्या अंगणात कोंबड्यांना टाकतो आणि नवा राजगिरा घेतो.