टोपीवाल्याची खरी नक्कल

बुलढाण्याच्या कोर्टात मी नकला करायचो. निकाल, जबान्या, जुनी खरेदीखतं, ज्याचा अर्ज येईल त्याची हातानं नक्कल. मक्षिकेला मक्षिका हा आमचा धर्म. मुळात चूक असेल तर नकलेतही तीच चूक ठेवायची. मुळाचा कोपरा गेलेला असेल तर तिथं लिहायचं, 'मूळ फाटलेले'. शेवटी 'खरी नक्कल', आणि त्याखाली दोन सह्या: एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी मुळाशी ताडून रुजवात घेणाऱ्याची. स्वतःच्या मनचा काना घालायचा नाही. मी तर घरच्या पत्रातही कधी घातला नाही.

माझा दोस्त भूमापनच्या कचेरीत शेतांचे नकाशे गिरवायचा. पारदर्शक कागद मुळावर ठेवायचा आणि बांध, विहीर, नाला जसाच्या तसा उतरवायचा. म्हणजे तोही माझ्याच जातकुळीचा.

राज्य नवं होतं. कचेऱ्यांतलं इंग्रजी हळूहळू मराठी होत होतं आणि आम्हाला वाटायचं, सगळं जगच आता मराठीत उतरवायचं आहे. अशात बसस्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडे दोस्ताला इंग्रजी चित्रकथेचे काही जुने अंक मिळाले. त्यात एक खाजगी गुप्तहेर होता. कपाळावर ओढलेली टोपी, लांब कोट, मोडलेलं नाक. आम्ही त्याला टोपीवाला म्हणायचो. दोस्ताला इंग्रजी येत नव्हतं, मला मॅट्रिकपुरतं यायचं. त्यानं चित्रं गिरवायची, मी डिक्शनरी घेऊन बोलण्याचे फुगे मराठीत भरायचे, असं ठरलं. रविवारी त्याच्या खोलीवर आम्ही बसायचो. अंक संपला की फाईलच्या नाडीनं टाके घालायचो आणि शेवटच्या पानावर रीतसर 'खरी नक्कल' लिहून दोघं सह्या करायचो. चित्रांची रुजवात मी घ्यायचो. कोटाचं एखादं बटण कमी भरलं तर पान परत.

त्या नकला गावभर फिरल्या. वकिलांचे मुन्शी वाचायचे, कंपाउंडर वाचायचा, चहावाला तर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून वाचायचा. टोपीवाल्याचं कौतुक असं, की तो जिंकायचा नाही. मार खायचा. गुन्हेगार शोधून काढायचा, पण पैसेवाला शेवटी सुटायचाच. दुसऱ्या दिवशी हा सुजलेलं तोंड घेऊन वेळेवर कचेरीत हजर. एक टेबल, एक खुर्ची, कुरकुरणारा पंखा. एक म्हातारा मुन्शी म्हणाला, "हा माणूस आपल्याच कोर्टातला वाटते." टोपीवाला कधी रडायचा नाही, हे मला सगळ्यात आवडायचं. दोस्ताला मात्र तो दरवेळी उठतो हे आवडायचं.

शेवटच्या अंकात टोपीवाल्याला जिन्यात गोळी लागते. तो गडगडत खाली येतो, टोपी वेगळी पडते. त्यापुढचं अर्धं पान फाटलेलं होतं. रद्दीवाल्याचा सगळा ढीग आम्ही उपसला. मिळालं नाही.

दोस्त म्हणाला, "मी काढतो बे एक चित्र. उठून बसला असं."

"मुळात हाय का?" मी विचारलं.

"नाई."

"मंग काऊन काढतं?"

त्या जागी मी ठळक अक्षरात लिहिलं, 'मूळ फाटलेले'. खाली अर्धं पान कोरं सोडलं. फाटलेला भाग कधीतरी मिळेल म्हणून सह्या केल्या नाहीत. तो अंक त्याच्याकडेच राहिला.

पावसाळा सरता सरता त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग सरकारी दवाखाना. मी कोर्ट सुटल्यावर जायचो. डोळे हळदीसारखे, हात काड्यांसारखे. उशाखाली तो अंक. एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "सांग ना बे, तो उठते का नाई?"

त्याला काय ऐकायचं आहे ते मला कळत होतं. दोन शब्दांचं काम होतं. उठते बे. एवढं म्हटलं असतं तर कोणतं कोर्ट मला जाब विचारणार होतं?

"मूळ फाटलं हाय," मी म्हणालो. "मले काय मालूम?"

तो थोडा हसला आणि भिंतीकडे वळला. चौथ्या दिवशी गेला.

मी स्मशानात गेलो, आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी वेळेवर कोर्टात हजर झालो. एका वाटणीच्या दाव्याची लांबलचक नक्कल केली. एकही खाडाखोड नाही. रुजवात घेणारा म्हणाला, "दगड आहेस." मला काही वाटलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. टोपीवालाही असाच वागला असता, असं एकदा मनात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

तेरवी झाल्यावर त्याची बायको खोली सोडून माहेरी, वरवट बकालला निघाली. बसस्टँडवर तिनं पिशवीतून अंक काढून माझ्या हातात दिला.

"भाऊजी, हे यायनं तुमाले द्याले सांगतलं व्हतं. दवाखान्यात काई तरी काढत बसत."

बस गेल्यावर मी तिथल्याच बाकावर बसून शेवटचं पान उघडलं. 'मूळ फाटलेले'च्या खालची कोरी जागा भरलेली होती. टोपीवाला जिन्याच्या तळाशी उभा होता. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातानं टोपी झटकत. रेघा थरथरत गेलेल्या. बिचाऱ्यानं जन्मभर मुळावर कागद ठेवूनच रेघ ओढलेली, खाली काही नसताना काढलेलं हे पहिलंच चित्र. कोटाला एक बटण कमी होतं.

खाली त्यानं 'खरी नक्कल' लिहिलं होतं. नक्कल करणारा म्हणून त्याची सही होती. रुजवात घेणाऱ्याची जागा रिकामी होती.

मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. डोळ्यांतून पाणी आलं नाही. सगळ्या नोकरीत मूळ न बघता केलेली माझी ती एकच सही. ती त्याच्या डोळ्यांदेखत करायला हवी होती.