पडदे कुणी लावले

नामाकाका माणसांशी बोलायच्या आधी वासरांना भेटत. सकाळी गोठ्यात आले की राम राम नाही, चहा नाही, आधी एकेका वासराच्या बरगडीला कान लावणार, डोळे मिटून ऐकणार आणि मगच आपल्याकडं वळून म्हणणार, "बेस हाय." तोवर तुम्ही पाहुणे असा नाहीतर पुढारी, उभे राहा गुमान.

नेकनूरजवळच्या आमच्या गोठ्यात वासरांचं सगळं काकांकडं होतं. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जाई, त्यांचा मुलगा आणि सूनही जात. वस्तीवर मग काका एकटेच. "चला की बरोबर," मुलगा दरसाल म्हणायचा. काकांचं उत्तर ठरलेलं, "ह्या लेकरांला कुणाच्या जिवावर सोडू?" एकट्यासाठी चूल कशाला पेटवायची म्हणून ते भाकरीही वासरांशेजारी बसून खात. त्यांना एकटं वाटत असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. गोठ्यात माणूस आहे, एवढंच आम्हाला पुरे होतं.

वासराचं तोंड वर करून कुणी नळीनं औषध ओतू लागलं, की काका अंगावर धावून येत. "अबे, नरडं हाय का नाला? छातीत गेलं म्हंजी मेलं की ते!"

त्या हिवाळ्यात मी नवा शहाणा झालो होतो. मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ बघून, वडील परगावी गेलेले असताना, मी गोठ्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचे पडदे बांधले. काका म्हणाले, "बाळू, वासरू गारठ्यानं मरत न्हाई, कोंडून मरतंय. मुताचा वास आपल्या डोळ्याला झोंबायलाय, त्यांच्या छातीचं काय होईल?"

"काका, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. जन्म वासरांत घालवलेल्या माणसाला! आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठवड्याभरात वासरं खोकू लागली. नाकं वाहायची, धाप लागायची, दुधाला तोंड लावीनात. तीन दगावली. डॉक्टरांनी बाकीच्यांना निमोनियाची इंजेक्शनं दिली आणि वर बघून विचारलं, "हे पडदे कुणी लावले?" माझे वडील, अण्णा, शेजारीच उभे होते.

"मीच लावले, सायेब," काका म्हणाले. "थंडी लई होती."

"वासरं मारलीस माझी, नामा," म्हणत अण्णांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी पडद्यांच्या दोऱ्या सोडू लागलो.

चार दिवसांनी वस्तीवर गेलो. घरोघरी कुलपं, आणि काका ओसरीवर एकटेच बसलेले. "काका, मी अण्णांना खरं सांगतो."

"कावून? माझं काय, आज हाय उद्या न्हाई. तू बापाच्या मनातून उतरलास तर त्या गोठ्यात राहशील कसा? राहिलेली वासरं बेस हायती का?"

मी हो म्हणालो आणि परत आलो. सुटलो बुवा, असंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

काका गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मातीला मी आणि अण्णा मोटारसायकलवर गेलो होतो. परत येताना अण्णा मागून म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. तेवढी एक चूक केली बघ त्यानं."

मी गाडी थांबवली आणि सगळं सांगून टाकलं. अण्णा खाली उतरले. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

"तू हो पुढं," एवढंच म्हणाले, आणि आलो होतो त्याच वाटेनं, उन्हातून, एकटेच स्मशानाकडं परत चालू लागले.