तिसरा थर

आमच्या यार्डात त्याला सगळे ठोक्या म्हणतात, आणि हे नाव मीच पाडलं. मी होड्यांच्या गाद्या शिवते. माझी शेड त्याच्या शेडला लागून, मधे फक्त एक पत्रा. बावीस वर्षं एका पत्र्याआड काम केल्यावर अहो-जाहो टिकत नाही. मला तो गादीवाली म्हणतो आणि माझ्या तोंडाला घाबरतो. घाबरावंच. मनात आलं की मी बोलून मोकळी होते, असा माझा लौकिक आहे. एक गोष्ट मात्र मी अकरा वर्षं बोलले नाही.

त्याचं काम मोडक्या कॅटमरॅनचं. कॅटमरॅन म्हणजे जोडहोडी: दोन लांब, अरुंद पोटं शेजारी शेजारी आणि वरून दोघांना धरून ठेवणारा सपाट डेक. त्या पोटांना आम्ही हल म्हणतो. खडकावर आपटलेल्या, मालकांनी सोडून दिलेल्या होड्यांतून एखादा हल धड निघतो. ठोक्या दोन वेगळ्या होड्यांतले असे दोन हल शोधतो आणि त्यांचं लग्न लावतो. एकाला थोडा कापतो, दुसऱ्याला फायबरचं कापड आणि दगडासारखं सुकणारं रेझिन यांचे थर चढवून जाड करतो, मधे नवे आडवे खांब टाकतो. त्याने जमवलेल्या सहाही जोड्या आज पाण्यावर आहेत. माणसांत एवढं यश कुठल्या मध्यस्थाला येतं!

हल आला की हातोडीने ठोकून बघतात. थर सुटले असतील तिथे आवाज पोकळ येतो. ते सगळेच करतात. पण ठोक्या त्याआधी मुठीने तीनदा ठोकतो, कान लावतो आणि मिनिटभर तसाच उभा राहतो. मग कामाला लागतो. "कोणी घरात आहे का बघतोयस?" मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. सगळं यार्ड हसलं. तोही हसला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो असं का करतो हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. तरी नाव पाडायचं ते मी पाडलंच.

घरी तो आणि त्याची थोरली बहीण, अक्का, असे दोघंच. अक्का धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं फाडते. तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दाजी म्हणायचो, स्वतःची कॅटमरॅन चालवायचे. बेटांवर सामान पोचवायचे. मोठा हसरा माणूस. माझ्या शेडमध्ये आले की कापडाच्या गठ्ठ्यावर बसून आधी माझ्याच नकला करायचे.

त्यांच्या होडीत, डाव्या हलात, बिछान्याच्या शेजारी एक चौकोनी झाकण होतं. जोडहोडी उलटली तर बुडत नाही, उलटीच तरंगत राहते. दरवाजा पाण्याखाली जातो. मग आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून ते झाकण. पण अशी झाकणं गळतात. दाजींचंही गळायचं, आणि थेंब पडायचे माझ्या गादीवर. दोन वर्षांत तीनदा मी ती गादी नव्याने शिवली. चौथ्यांदा दाजी कुजलेला फोम घेऊन आले तेव्हा माझं डोकं फिरलं. "आधी ते भोक बुजवा," मी म्हणाले, "नाहीतर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. मी काय तुमच्या पाण्यासाठी गाद्या शिवते?" दाजी हसले. "आज्ञा बाईसाहेबांची," म्हणाले आणि पत्र्यापलीकडे मेहुण्याकडे गेले. मेहुण्याने आतून फायबरचे थर चढवून झाकण बुजवलं. माझी गादी कोरडी राहिली. सात महिने.

मग एका दुपारी ते निघाले आणि वारा फिरला. नवव्या दिवशी नुसता डावा हल सापडला, उलटा तरंगत. ओढून आणणाऱ्यांनी आत टॉर्च मारला, माणूस नाही म्हटल्यावर परत फिरले. दाजी कधीच मिळाले नाहीत. "पहिल्याच लाटेत गेले असतील," सगळे अक्काला म्हणाले, "कळलंही नसेल त्यांना." अक्काने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. अजूनही बोलता बोलता म्हणते, कळलंही नसेल त्यांना. हल ठोक्याने मागून घेतला, यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर ताडपत्री बांधली. अकरा वर्षं ती सुटली नाही. फाटली की तो वरून दुसरी बांधायचा. मी त्या बाजूला जायचं टाळायची. वाऱ्यात ताडपत्रीची दोरी हलावर आपटायची, आणि पत्र्यापलीकडे त्याचं ग्राइंडर थांबायचं.

या वर्षी फेरीबोटीचा डावा हल चिरला. लोक बारा मैलांचा वळसा घालू लागले. ठोक्याने तीन बंदरं पालथी घातली, पण त्या लांबीचा हल कुठेच मिळेना. शेवटी अक्काच यार्डात आली.

"अरे, मागे आहे की आपला."

"तो नाही," ठोक्या म्हणाला.

"का नाही? लांबी तीच आहे, मी पावलांनी मोजली. किती दिवस झाकून ठेवणार? निदान माणसं तरी जातील-येतील त्यातून. त्यांना आवडलं असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. "एकट्याने आत जाववत नाही," म्हणाला. मी कात्री खाली ठेवली.

ताडपत्री काढली. त्याने मुठीने तीनदा ठोकलं, कान लावला. मी त्या वेळी हसले नाही. शिडी लावून आम्ही आत उतरलो. वाळलेलं शेवाळ, मिठाचे पोपडे. बिछान्याच्या जागी माझ्या गादीची नुसती चेन उरली होती. त्याने फडक्याने भिंत पुसायला सुरुवात केली, आणि झाकणाची जागा दिसली.

फायबर चौकोनात कापलेलं होतं. चारी बाजूंनी, सरळ, हळूहळू, करवतीसारखं घासून. कापणाऱ्याला घाई नव्हती, किंवा वेळ खूप होता. वरचा थर सोलून काढला होता. त्याखालचाही. तिसऱ्या थरात एक लहानशी चीर होती आणि चिरेत भाजीच्या सुरीचं तुटकं टोक.

ठोक्या खाली बसला.

"दोन थर पुरतात," तो म्हणाला. "सगळे दोनच देतात. पण दाजींचं काम, म्हणून मी एक जास्तीचा दिला."

मला रडू आलं नाही. कानांत माझाच आवाज घुमत होता, आधी ते भोक बुजवा.

इतक्यात बाहेरून कोणीतरी ठोकलं. तीनदा. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो.

"काय रे, कोणी घरात आहे का?" बाहेर अक्का हसत होती. डबा घेऊन आली होती. "काही सापडलं का आत?"

"काही नाही, अक्का!" मी ओरडले. "नुसतं शेवाळ आहे! बस तू बाहेर, आम्ही येतोच!"

ठोक्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मग त्याने मूठ उचलली आणि आतून, त्या तिसऱ्या थरावर, तीनदा ठोकलं.

बाहेरचं हसणं थांबलं.

"आत ये, अक्का," तो म्हणाला. "तुला दाखवायचंय. झाकण मी बुजवलं होतं."

डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शिडीवर तिची पावलं, एकेक पायरी, गुडघे दुखतात तिचे. मला एवढंच दिसत होतं की ती सगळा दोष त्याच्या एकट्याच्या पदरात टाकेल आणि ठोक्या तो निमूट घेईल. ती वाकून आत आली. उजेडाकडे पाठ होती, म्हणून तिचा चेहरा दिसेना.

"त्याचं नंतर ऐक," मी म्हणाले. "गादी माझी होती, अक्का."