मावशींच्या घरचं पाणी

बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि मला मराठीचा गंध नव्हता. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर नावाचा काळा बिल्ला. मी आंध्रातला, गोदावरीकाठच्या एका खेड्यातला. आमचं घर मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका वेगळ्या पंथाचं. आमच्या मंडळीतली मुलं विशीच्या आसपास शिक्षण बाजूला ठेवून दोन वर्षं सेवेला जातात. कुठं जायचं ते आपण ठरवायचं नसतं, मंडळीकडून पत्र येतं. माझं पत्र आलं तेव्हा आईनं मोबाइलवर बारामती शोधली आणि जवळ समुद्र नाही हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. भाषा वेगळी आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

सेवेत कायम दोघांनी राहायचं असतं. एकट्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जायचं नाही, दुसरा नजरेसमोर हवा. माझा सोबती पंजाबचा, माझ्याहून वर्षभर आधी सेवेत आलेला. त्याला हिंदी यायची आणि नियम पाठ होते. मला हिंदी जेमतेम यायची आणि राग पटकन यायचा. पहिले दोन महिने आमच्यात जे काही संभाषण झालं ते बहुतेक भांडी कोणी घासायची यावरच.

टाय लावून हिंडणारी माणसं बारामतीत म्हणजे औषध कंपन्यांची, असा लोकांचा पक्का समज. भिगवणला मासळीच्या हॉटेलाबाहेर एका तात्यांनी आम्हाला अडवलं, धोतर वर करून गुडघा दाखवला आणि गोळी मागितली. सोबत्यानं हिंदीत सांगितलं की आम्ही औषधवाले नाही, देवाच्या कामाला आलोय. तात्यांनी दुसराही गुडघा उघडा केला. "मग ह्याचंबी सांगा त्याला," ते म्हणाले. आम्ही तिथंच उभ्यानं प्रार्थना केली. पुढं भिगवणला गेलो की ते लांबूनच ओरडून गुडघ्यांची खुशाली सांगायचे.

आमची खोली एका टेलरच्या दुकानावर होती. खाली चाचांच्या दोन मशिनी, वर आम्ही. चाचा मुसलमान, घराणं चार पिढ्या बारामतीतलं. सोबत्याशी ते हिंदीत बोलत, माझ्याशी मात्र हटकून मराठीत. "शिकायचं आसंल तर बुडी मारावी लागती," म्हणायचे. माझ्या बिल्ल्यावर नावाआधी 'एल्डर' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. वडीलधारा, असं मी कसंबसं सांगितलं. चाचांनी कात्री खाली ठेवली आणि माझ्या ओठांच्या वर निरखून पाहिलं. "आधी मिशी तरी येऊ द्या, वडील," ते म्हणाले. तेव्हापासून त्या गल्लीत मी वडील झालो.

इथं दारोदार जाऊन धर्म सांगायचा नाही, हा आमचा नियम होता. जे आधीच मंडळीत आहेत किंवा जे आपणहून बोलावतात त्यांच्याकडेच जायचं. अशी माणसं या भागात एका रिक्षात बसली असती. त्यातले एक आबा. आबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. काही वर्षं पुण्यात मुलाकडे राहिले, तिथं आमच्या मंडळीत आले, मग निमगाव केतकीला आपल्या घरी परतले. त्या अख्ख्या गावात मंडळीतले ते एकटेच. दर गुरुवारी आम्ही इंदापूरच्या गाडीनं जायचो आणि त्यांच्या अंगणात बसून तिघं मिळून वाचन आणि प्रार्थना करायचो. आबा आठवडाभर त्याची वाट बघायचे. गाडी यायच्या आधीच स्टँडवर येऊन थांबलेले असायचे.

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. त्या मंडळीत नव्हत्या. आमची प्रार्थना सुरू झाली की मागच्या दारानं शेळ्यांकडे जायच्या आणि आम्ही निघाल्यावरच परत यायच्या. त्यामुळे दीड महिना आमची आणि त्यांची ओळख म्हणजे नुसती मान हलवण्यापुरती.

एका गुरुवारी आबा स्टँडवर दिसले नाहीत. कळसला कुणाची तरी मयत होती, तिकडे गेले होते आणि यायला उशीर होणार होता. मावशींनी खुर्च्या मांडल्या, बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं दोन कपांत चहा घेऊन आल्या. कप नवे होते, एकावर किमतीचा कागद तसाच होता.

आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य. दारू-तंबाखूइतकंच वर्ज्य. सोबत्यानं हात जोडले आणि "नहीं, नहीं" म्हणाला. मीही मान हलवली. मावशींनी पुन्हा एकदा कप पुढे केले. आम्ही पुन्हा नाही म्हणालो आणि हसलो. परक्या मुलखात काही समजेनासं झालं की हसायचं, एवढं आम्ही शिकलो होतो. मावशी कप घेऊन आत गेल्या. ऊन मी म्हणत होतं, घसा सुकला होता. आम्ही आपापल्या पिशवीतून पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि घटाघटा प्यायलो. बाहेरचं पाणी प्यायचं नाही, गाळलेलं, उकळलेलं पाणी जवळ बाळगायचं, हाही नियमच होता. तो पोटासाठी. मावशी दारातून बघत होत्या. मला वाटलं, आम्ही किती शहाणी पोरं आहोत असं त्यांना वाटत असेल.

पुढच्या गुरुवारी आबा स्टँडवर होते, पण घराकडे वळेनात. रसाच्या गुऱ्हाळाशेजारी उभे राहून चप्पल मातीत घासत राहिले. "आज हितंच बसू," म्हणाले. का, ते सांगेनात. शेवटी म्हणाले, "ती न्हाय म्हणती. ती पोरं परत घरात नको म्हणती."

माझं डोकं फिरलं. आमचं काय चुकलं, हे मला तोंडावर ऐकायचं होतं. मी सरळ घराकडे चालायला लागलो. सोबत्याला मला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून तो मागून, आणि त्याच्या मागून आबा. मावशी अंगणात शेंगा फोडत होत्या. मी माझ्या मोडक्या मराठीत म्हणालो, "मावशी, आमचा धर्म. चहा नाही."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "ह्यांचाबी धर्म त्योच हाय की," आबांकडे हनुवटी करत त्या म्हणाल्या. "हे सकाळ-संध्याकाळ माझ्या हातचा च्या पितेत."

आबा छपराच्या पत्र्याकडे बघत राहिले. सोबत्यानं आबांकडे पाहिलं, मी आबांकडे पाहिलं.

"आन च्या नसंल धर्मात," मावशी म्हणाल्या, "पाणीबी न्हाय व्हय?"

मराठीतलं कुठलंच वाक्य तोवर मला इतकं लख्ख समजलं नव्हतं.

परत जाताना आबांनी सगळं सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. त्यांची वस्ती गावाच्या कडेला का आहे ते सांगितलं. मावशी लहान असताना गावातलं कुणी त्या वस्तीत पाणी पीत नसे. मावशींचे वडील गावात कामाला जात, आणि त्यांच्याकडे काही निरोप घेऊन कुणी आलंच तर लांब उभं राहून बोलायचं आणि तहान लागली तरी तसंच परत जायचं. आता असं उघड कुणी करत नाही. "पण तिच्या डोक्यातनं जात न्हाय," आबा म्हणाले. "एवढी टायवाली पोरं घरी आली म्हणून इंदापुरास्नं कप आणलं तिनं. तुमी कप परत केलं आन वर बाटली काढून पाणी पिलं."

मग चहाबद्दल तुम्ही त्यांना का सांगितलं नाही, असं सोबत्यानं विचारलं. "सांगितलं की. ती म्हणली, मग तुमी पिता ते काय? पोरांची बाजू घिऊन खोटं बोलताय." पुढं म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, पैला च्या तिच्या हातचा घेतोय. तिला न्हाय म्हणवंना. आन तुमास्नी सांगवंना." सोबत्यानं काहीतरी नियमाचं बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं. चांगला मुलगा होता तो.

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मला लाज वाटत होती आणि ती सोबत्याला सांगण्यासारखी नव्हती. आमच्या गावातल्या चहाच्या टपरीवर दोन प्रकारचे ग्लास असायचे. आमच्या वस्तीतल्या लोकांचे ग्लास बाहेर खिळ्याला टांगलेले, आणि प्यायल्यावर ते आपणच विसळून ठेवायचे. माझ्या आजोबांनी आयुष्यात कधी बाहेर चहा घेतला नाही. कुणी विचारलं की आपल्याला चहा सोसत नाही म्हणायचे. पुढं घर मंडळीत आलं आणि चहा वर्ज्य झाला, तेव्हा सगळ्यात खूश तेच झाले होते. त्या माणसाचा नातू मी. टाय लावून एका बाईच्या अंगणात बसलो आणि तिच्यासमोर बाटली उघडली. ती मला त्या टपरीवाल्याच्या जागी धरत होती आणि तिचं अजिबात चुकत नव्हतं.

त्यानंतर दोन गुरुवार आम्ही स्टँडच्या बाकड्यावर बसलो. कंडक्टर गाव पुकारायचा, आबा हळू आवाजात वाचायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं की पुस्तक मिटायचे. दुसऱ्या गुरुवारी म्हणाले, पुढच्या वेळेपासून नाही आलात तरी चालेल. तशात माझ्या बदलीचं पत्र आलं. पुढचा गुरुवार शेवटचा. मी असाच निघून गेलो तर मावशींच्या मनात मी कायमचा तोच राहणार होतो, आणि आबांचं अंगण कायमचं बंद होणार होतं.

मी चाचांना सगळं सांगितलं. कशी माफी मागू, ते वाक्य शिकवा म्हणालो. चाचांनी मशीन थांबवली नाही. "माफी मागायला लई मराठी लागतंय," ते म्हणाले. "तुझं आजून तेवढं न्हाय. पाणी माग."

शेवटच्या गुरुवारी मी बाटली खोलीवरच ठेवली. सोबत्याला ते बसमध्ये कळलं. पोट बिघडेल, बदलीच्या प्रवासात हाल होतील, नियम कशासाठी असतात, असं सगळं वाटेतल्या लासुर्ण्यापर्यंत चाललं होतं. आबा स्टँडवर नव्हते. आम्ही घराकडे गेलो. सोबती फाटकापाशीच थांबला, तिथून मी त्याला दिसत होतो. आबा अंगणात बसले होते, आम्हाला बघून उठून उभे राहिले. मावशी दारात आल्या.

"मावशी, पाणी द्या," मी म्हणालो. रात्रंदिवस घोकलं होतं ते एवढंच.

"बाटली हाय की तुमच्याकडं."

"नाही आणली."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत गेल्या. तांब्या घासल्याचा आवाज आला, मग माठाचं झाकण काढल्याचा. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मी तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि ओठांपासून वीतभर वर धरून पाणी तोंडात ओतायला लागलो. मला दुसरी रीत माहीतच नव्हती. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मावशींचा चेहरा दिसला आणि माझ्या हातून काय झालं ते कळलं. माझ्या भांड्याला ह्याचा ओठसुद्धा लागत नाही, असं तो चेहरा म्हणत होता. मी तांब्या खाली आणला. शर्ट भिजला होता. चाचांनी शिकवलेलं वाक्य संपलं होतं आणि पुढचं माझं मलाच जुळवायला लागणार होतं.

"माझे आजोबा," मी म्हणालो. "आमचं गाव. आजोबा, ग्लास नाही." मी तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांची ओंजळ केली, खाली वाकलो आणि ती तोंडाशी नेली. मग एका हातानं वरून कुणीतरी पाणी ओततंय असं दाखवलं आणि पुन्हा ओंजळ धरली. "असं. आजोबा सांगतात, दुसऱ्याचं भांडं. तोंड नाही लावायचं. म्हणून मी." पुढचे शब्द नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला.

मावशी माझ्या ओंजळीकडे बघत होत्या. ती सोडायचं मला सुचलंच नव्हतं.

"तुमच्याकडंबी?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडंबी."

त्या उंबऱ्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. आबांना म्हणाल्या, "ऐकलं का." मग मावशींनी तांब्या उचलला, काठोकाठ भरून आणला आणि माझ्या हातात दिला. "तोंड लावून पी," म्हणाल्या. "हितं तुला कोन वरनं वततंय?"

मी तोंड लावून प्यायलो. पाणी गार होतं, थोडं मचूळ. निम्मा तांब्या संपवून मी थांबलो, तेव्हा मावशी फाटकाकडे बघत होत्या. "त्येला काय उनात वाळवतुयास?" त्या मला म्हणाल्या.

सोबत्याला मराठी फारशी कळत नव्हती, तरी तो आला. पायरीशी त्यानं बूट काढले. पिशवीतली बाटली काढून बुटांशेजारी ठेवली आणि माझ्या हातातून तो तांब्या घेतला.